तीन चाळीसची नोंद

विमान उतरल्याची वेळ उड्डाणाआधीच विमान क्लबाच्या वहीत लिहून सही ठोकायची, ही आस्गरची जुनी सवय. त्यामुळे उतरल्या उतरल्या, क्लबातला केक संपायच्या आत टेबल गाठता येई. आजही त्याने लिहिलं होतं : 'तीन चाळीस. चाकं व्यवस्थित.'

चार वाजले तरी तो फ्योर्डच्या खाडीवर घिरट्या घालत होता. डावं चाक खाली येईना. चाक उतरवायचा हातपंप मारून खांदा दुखला, पण चाक बसल्याचा हिरवा दिवा लागेना. इंधन वीस मिनिटांचं उरलं होतं.

"प्रेबेन, चाक अडकलंय. बंबवाल्यांना बोलव."

"कोण बोलतंय?" खालून क्लबाच्या रेडिओवर बसलेल्या प्रेबेनने विचारलं.

"अरे गाढवा, आस्गर!"

"थट्टा पुरे. आस्गर तीन चाळीसला उतरला. वही समोर आहे, सही आहे."

"वही घाल चुलीत! खिडकीतून वर बघ."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वर काहीच नाही. विमान हँगरमध्ये उभं आहे. तिन्ही चाकांवर."

आस्गरने खाली पाहिलं. हँगरच्या दारातून त्याच्याच विमानाचं निळं शेपूट दिसत होतं.

तेवढ्यात प्रेबेनच्या मागून, तोंडात केकचा घास असलेला कुणीतरी म्हणाला, "कोण आहे रे?"

"कुणी नाही रे, आस्गर," प्रेबेन म्हणाला आणि त्याने रेडिओ बंद केला.