दोन वाडगे, एक कढई

"झाकण उघडू नकोस हं, दादा," ताई म्हणाली. दादाने वाडग्याकडे गेलेला हात गुपचूप मागे घेतला.

सलूनबाहेरच्या बाकावर तिघं भावंडं बसली होती. मधे ताई, दोन टोकांना दोघे भाऊ. ताईच्या मांडीवर झाकलेले दोन वाडगे. एक नंबर दादाचा, दोन नंबर धाकट्याचा.

दोघेही दाढीचा साबण करायचे. ताईच्या मालकीच्या दोन खोल्या, मधे एक भिंत, दोन्हीकडे एकेक कढई. दादाच्या साबणाला लवंग आणि संत्र्याच्या सालीचा वास, धाकट्याच्या साबणाला लिंबाचा आणि ओल्या लाकडाचा. एकमेकांच्या फेसाला नावं ठेवणं हा दोघांचा जोडधंदा. पण आता ताईला शिवणवर्गासाठी एक खोली हवी होती.

"एक खोली, एक कढई, एकच साबण," तिने फर्मान काढलं होतं. "जिंकेल त्याने कृती लिहून द्यायची. हरेल त्याने मुकाट्याने तोच साबण घोटायचा. जन्मभर."

हे ऐकल्यापासून दादाची झोप उडाली होती. आठवडाभर त्याने स्वतःच्या गालांवर परीक्षा घेतली. डावीकडे आपला साबण, उजवीकडे भाजीवालीच्या नवऱ्याकरवी गुपचूप मागवलेला धाकट्याचा. रोज उजवा गाल जिंकला. शेवटी आज सकाळी दादाने काळजावर दगड ठेवला आणि आपल्या वाडग्यात धाकट्याचाच साबण भरला. जिंकल्यावर स्वतःची कृती लिहायची; पुढचं कोण बघायला येतंय?

सलूनवाला बाहेर आला. तो या भागात नवा होता. दोघांपैकी कोणाचाच साबण त्याने कधी हातात धरला नव्हता. खुर्चीत एक टपालवाला बसला होता, तीन दिवसांची खरखरीत दाढी घेऊन.

"एका गालाला एक, दुसऱ्याला दुसरा," सलूनवाला वाडगे उचलत म्हणाला. "आत कोणी डोकावायचं नाही."

दार लागलं. आत ब्रश घोटल्याचा आवाज येऊ लागला.

"दादा, घाम आलाय तुला," ताई म्हणाली.

"उकडतंय."

"आणि तुला रे? तू का नखं खातोयस?"

"भूक लागलीय," धाकटा म्हणाला.

"वा! एकाला उकडतंय, एकाला भूक. दाढी टपालवाल्याची चाललीय आणि चेहरे तुमचे सोललेत."

दार उघडलं. टपालवाला दोन्ही गाल चोळत, खूश होऊन निघून गेला. मागून सलूनवाला आला, दोन्ही वाडगे झाकलेले.

"वास दोन्हींचे झकास. एक नंबरचा फेस बरा आहे, पण कानापर्यंत जाईस्तोवर बसतो. दोन नंबरचा लोण्यासारखा, वस्तरा कसा घसरत जातो! माझ्याकडे दोन नंबर."

दादा बघतच राहिला. म्हणजे धाकट्याने याहून चांगला साबण लपवून ठेवला होता! विकायला एक, स्पर्धेला दुसरा! लबाड कुठला! पण बोलायची सोय नव्हती. आपणच कोणाचा साबण भरून आणला होता, ते सांगणार कोण? जन्मभर धाकट्याची कढई घोटायची. संत्र्याची सालं गेली, लवंगा गेल्या.

तो उठला आणि धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "जिंकलास लेका. उद्या सकाळी सातला येतो. घोटायला."

धाकट्याने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते.

"लाजतोयस काय नवरदेवासारखा?" ताईने पर्समधून वही-पेन काढून त्याच्या हातात कोंबलं. "लिही. तेल किती, कॉस्टिक सोडा किती, सगळं. आत्ता, दोघांसमोर."

धाकट्याने पेनाचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं. कोऱ्या पानाकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि वही दादापुढे सरकवली.

"दादा, तूच लिही. माझ्या वाडग्यात तुझाच साबण होता, मला कुठे येतो तो करायला?"