मुजरा

"अजून वाक! महाराज आहे मी, तुझा मॅनेजर नाही," पद्माकरकाका प्रत्येक तालमीत खेकसायचे. परदेशातल्या मराठी मंडळाच्या ऐतिहासिक नाटकात नचिकेत इंग्रजांचा दूत झाला होता आणि त्याचं वाकणं काकांच्या काही पसंतीस उतरत नव्हतं. प्रयोगात तो नजराणा घेऊन जमेल तेवढा वाकला, तोच हॅरिस पार्क उपनगरातल्या हॉलमध्ये प्रमुख पाहुणे शिरले. गव्हर्नरसाहेब, म्हणजे इंग्लंडच्या राजाचे इथले प्रतिनिधी! महाराज सिंहासनावरून टुणकन उठले, वाकलेल्या नचिकेतला वळसा घालून, एका हाताने मुकुट सावरत स्टेजखाली धावले आणि "वेलकम, युवर एक्सलन्सी!" म्हणत पाहुण्यांपुढे लवले.

नचिकेतने मान वर करून पाहिलं. अच्छा, एवढं वाकायचं होतं होय!