विरोधाची नोंद

"सभेच्या इतिवृत्ताची वही मागवा," फोरमन म्हणाला. "त्यात सगळं लिहिलेलं आहे."

चौकशी अधिकारी बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि शिपायाला खूण केली. वही वरच्या मजल्यावर कपाटात होती. ती येईपर्यंत दहा मिनिटं थांबायचं ठरलं.

चौकशी कारखान्याच्या जेवणघरातच भरली होती. साठ-सत्तर निवृत्त कामगार बाकांवर दाटीवाटीनं बसले होते. काचेच्या बाटल्यांचा कारखाना. निम्म्यांच्या हातांवर भाजल्याचे जुने डाग. फोरमन पाणी प्यायला उठला तशी वाटेतल्या माणसांनी पाय आखडून घेतले. मागून कोणीतरी म्हणालं, "कुंपणानंच शेत खाल्लं."

पेन्शन समितीवर चार जण होते. मॅनेजर, हिशेबनीस, कंपनीचा वकील आणि कामगारांनी निवडून दिलेला हा फोरमन. निवृत्तांच्या फंडातले पैसे कुठं गुंतवायचे ते या चौघांनी ठरवायचं. तीन वर्षांपूर्वी समितीनं फंडाचा मोठा हिस्सा मालकांच्याच दुसऱ्या एका कंपनीच्या रोख्यांत घातला. गेल्या वर्षी ती कंपनी बुडाली आणि प्रत्येकाची पेन्शन एक तृतीयांशावर आली. तेव्हापासून फोरमनला तोंड दाखवायची चोरी झाली होती.

सकाळी बाकीच्या तिघांच्या जबान्या झाल्या होत्या. तिघांचं एकच पालुपद: आम्ही काही जाणकार नव्हे, सल्लागारानं सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला.

फोरमनचा थोरला भाऊ सगळ्यात मागच्या बाकावर बसला होता. एकतीस वर्षं भट्टीपुढं उभं राहून दादाचे डोळे गढूळ झाले होते. आता त्रेसष्टाव्या वर्षी तो एका गोदामाच्या फाटकावर खुर्ची टाकून बसायचा. वहिनीच्या रोजच्या गोळ्या एक दिवसाआड झाल्या होत्या.

पण दादानं कधी वाकडा शब्द काढला नव्हता. उलट, लोक फोरमनच्या दारावर चालून आले तेव्हा दादाच आडवा उभा राहिला होता. "अरे, त्याला काय कळतंय कागदातलं? सातवी शिकलेला माणूस. पुढं केलं तिथं सही केली बिचाऱ्यानं."

लोकांच्या शिव्या फोरमननं पचवल्या. तो 'बिचारा' मात्र घशात काट्यासारखा अडकला.

कारण तो बिचारा नव्हताच. निवडून आल्यावर समितीच्या सभासदांसाठी चार दिवसांचा वर्ग होता, तो त्यानं शाळकरी पोरासारखा वहीत उतरवून घेतला होता. पैसा कामगारांचा, आपण बांधील त्यांना, मालकाला नव्हे. सगळी गुरं एका खुंटीला बांधायची नाहीत. कळलं नाही तर विचारायचं, विचारल्याशिवाय सही करायची नाही. आणि त्या दिवशी सभेत तो अर्धा तास एकटा भांडला होता. मॅनेजर हसला होता, "काय हो, लेथवरून थेट अर्थशास्त्रात?" तीन विरुद्ध एक, ठराव मंजूर झाला. बाहेर पडताना मॅनेजरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "खोलीतलं खोलीतच राहू द्या." सहा वर्षं अडलेली फोरमनपदाची बढती त्याला पुढच्याच महिन्यात मिळाली. ती त्याच्या हक्काचीच होती.

नळापाशी दादा चाचपडत आला.

"वही कशाला मागवलीस? मला कळलं नाही म्हण, हात जोड, मोकळा हो. बाकीचे तिघं सुटतील आणि तू अडकशील."

"हात का जोडू? आज सगळ्यांना कळू दे तुझा भाऊ कसा आहे ते."

"मला माहीत आहे माझा भाऊ कसा आहे," दादा म्हणाला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून मागं जाऊन बसला.

वही आली. बाईंनी पान काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"कामगार प्रतिनिधींनी ठरावास विरोध केला. सदर कंपनी तीन वर्षे तोट्यात असून तिच्यावर आधीच मोठे कर्ज आहे, हे त्यांनी कागदपत्रांसह दाखवले. 'हे पैसे बुडणार. म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास आपण जुगारावर लावतो आहोत,' असे ते म्हणाले. विरोधाची नोंद घेण्यात आली."

जेवणघरात कुजबुज उठली. कुंपणाची म्हण टाकणाऱ्यानं मान खाली घातली. पुढच्या बाकावरचा एक जण तर उठून फोरमनचा हात हातात घेऊन म्हणाला, "चुकलो बाबा आम्ही." कित्येक महिन्यांनी फोरमनच्या छातीत पुरता श्वास गेला. त्यानं वळून दादाकडं पाहिलं.

दादा उभा राहिला होता.

"बाई, एक विचारू? ही सभा कधीची?"

"बारा मार्चची."

"तीन वर्षांपूर्वीची?"

"हो."

दादानं पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली. "त्याच वर्षी एकतीस मेला मी निवृत्त झालो. सगळे पैसे एकदम काढून घ्यायचे की फंडात ठेवून पेन्शन घ्यायची, ते आम्हाला लिहून द्यायचं होतं. माझ्या मनात काढून घ्यायचं होतं. म्हणून आदल्या दिवशी मी याच्या घरी विचारायला गेलो होतो."

पुढच्या बाकांवरची माणसं मागं वळली. मॅनेजरसुद्धा वळून पाहू लागला.

"मग?" बाईंनी विचारलं. "काय म्हणाले ते?"

दादानं बाईंकडं पाहिलं नाही. त्याचे गढूळ डोळे भावाच्या चेहऱ्यावर होते.

"म्हणाला, मी आहे ना तिथं, दादा. ठेव बिनघोर."