बटणाचा दोष

दुकानदाराने वॉकी-टॉकीचा तिसरा जोड पुढे सरकवला आणि विचारले, “तुमच्या जुन्या जोडात काय खोट होती?”

“यंत्र उत्तम होतं हो,” काठी टेकून उभा असलेला दिनू हसला. “बोलताना बटण दाबून धरायचं, तेच मला जमलं नसणार. घळीत पडून दोन तास हाका मारल्या, पण पुढे गेलेल्या या नीलकंठाला एकही ऐकू आली नाही. म्हणून मोठ्या बटणाचा दाखवा.”

पल्ला, बॅटरी, वजन यांवरून सकाळपासून हिरिरीने वाद घालणाऱ्या नीलकंठाने हातातला संच खाली ठेवला. त्या दिवशी किल्ल्याच्या चढणीवर दिनूच्या अखंड विनोदांना कंटाळून त्याने स्वतःचा संच बंद करून सॅकमध्ये टाकला होता. दीड वर्ष मित्र लंगडत होता आणि दोष मात्र स्वतःच्या अंगठ्याला देत होता.

“दिनू,” तो खाली मान घालून म्हणाला, “तुझं बटण बरोबर दाबलं गेलं होतं. संच मी बंद केला होता. तुझ्या विनोदांना वैतागून.”

दिनूने काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

“नेमक्या कोणत्या विनोदाला संच बंद केलास?” त्याने विचारले.