नऊ अक्षरांचं अंतर

“आठवून सांगा ना मावशी, हा करांदा तुम्ही कुणाकुणाला दिला होतात?”

“कुनालाच नाय. तीनदा सांगितलं. आता चौथ्यांदा इचारलंस तर च्या नाय मिळनार.”

कात्रपमधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर सगुणाबाईंच्या खिडकीत करांद्याचा, म्हणजे उकडून खातात त्या कंदाचा, वेल गजांना धरून वर गेला होता. पानांवर पिवळे ठिपके, जणू कुणी हळदीची बोटं झटकलीत. त्या ठिपक्यांमागे तेजस्वीची तीन वर्षं गेली होती. उल्हासनगरच्या प्रयोगशाळेत तिने त्यातला विषाणू वेगळा काढला, त्याच्या जनुकांची साडेसात हजार अक्षरं वाचली. घराणं ओळखीचं निघालं, पण जात कुठल्याच यादीत नव्हती. नवी जात म्हणून नोंदवायची तर दुसऱ्या ठिकाणचा वेलही हवा होता. गेल्या महिन्यात तो मिळाला. वांगणीच्या बाजारात एका म्हातारीची टोपली अशाच ठिपक्यांच्या पानांनी झाकलेली होती.

आणि तिथेच घोळ झाला. दोन्ही विषाणूंत फरक फक्त नऊ अक्षरांचा.

“एकच वेल दोनदा तपासलायस तू,” प्रयोगशाळेतले सर म्हणाले. “आठ दिवसांत खुलासा दे, नाहीतर अर्ज मागे घे.”

तेजस्वीने ताजी पानं आणून पुन्हा तपासली. पुन्हा नऊ.

“मावशी, हा रोग किड्यांनी पसरत नाही. कंदाबरोबरच जातो. मग वांगणीच्या त्या म्हातारीकडे गेला कसा?”

“रोग नको म्हनूस गं त्याला.” सगुणाबाईंनी एक पान पदराने पुसलं. “आमच्या अख्ख्या गावात असं पान फक्त आमच्या दारात. आय सांगायची, ठिपक्याचं पान बघून बियान्याला ठेवा, ते आपलं. बिनठिपक्याचं कितीबी पोसलेलं असूं दे, उकडून खा.”

म्हणजे पिढ्यानपिढ्या निवडून निवडून आजारी वेलच जपला होता. तेजस्वीला हसूही येईना.

“लेक सासरी निघाली की वटीत एक करांदा. माझ्या वटीत आला, तो हा. मागून गाव धरनात गेलं. आता आमच्या अंगनात मासं फिरतात.”

“आणि दुसरी कुणी लेक?”

“वटी माझी एकटीचीच भरली.”

तेजस्वीने लॅपटॉप मिटला. “जाऊ दे. घेते अर्ज मागे. नऊ अक्षरं बदलायला चाळीसेक वर्षं तरी लागतात. म्हटलं, तेव्हा कुणाला दिला असेल तर...”

“बेचाळीस,” सगुणाबाई म्हणाल्या.

“काय?”

“त्या वांगनीच्या म्हातारीचं नाव भिमा हाय का?”

तेजस्वीने वही उघडली. नमुना दुसरा: भिमाबाई. तिने ते नाव वाचून दाखवलं.

सगुणाबाईंनी वेलावर हात ठेवला.

“माझी धाकटी भैन. बेचाळीस वर्सांमागं वीटभट्टीवरच्या पोराबरोबर पळाली. बा नदीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ करून आला. म्हनला, मेली. तवापासून घरात कुनी तिचं नाव काढलं नाय. आयनं पन नाय. मीपन नाय गेले मग कधी बघायला. वाटलं, आय एवढी गप, म्हंजे तिच्या लेखीबी मेलीच.”

त्यांनी डोळ्यांना पदर लावला, पण हसू काही लपलं नाही.

“आन आय, ही बया, गुपचूप जाऊन तिला करांदा देऊन आली!”