मालकांची चव

कँटीनमध्ये आजही तेच चघळणं चालू होतं. आपली लोणच्याची कंपनी कुणी परदेशी लोक विकत घेणार म्हणे! डिस्पॅचचे घोरपडे तर नव्या साहेबांसाठी आतापासूनच टाय लावून येत होते.

मसाला विभागाच्या वासंती शेवडेंना या लाळघोट्यांची किळस आली. "मीठ जरा कमी पडलं म्हणून अख्खं पिंप गटारात ओतणारा माणूस कंपनी विकेल? थांबा, दाखवतेच तुम्हाला!"

मालकांनी चाखल्याशिवाय बरणी भरायची नाही, हा कारखान्याचा शिरस्ता. वासंतीबाईंनी आज मुद्दाम मीठ घालण्याआधीच लोणचं वाटीत काढलं आणि केबिनमध्ये नेलं. आता मालक वाटी भिरकावणार, खच्चून शिव्या देणार आणि त्या शिव्या आपण कँटीनमध्ये मिरवणार, या खुशीत त्या उभ्या राहिल्या.

मालकांनी मोबाइलवरची नजर न काढता फोड तोंडात टाकली.

"फक्कड! भरा बरण्या."

बाईंनी परत येऊन वाटी बेसिनमध्ये उपडी केली.

"काय म्हणाले मालक?" घोरपड्यांनी दात विचकत विचारलं.

"टाय शोभतोय तुम्हाला, घोरपडे," बाई म्हणाल्या. "राहू द्या तसाच."