उंदराची तिसरी उडी

उंदीर दुसऱ्यांदाही पाटात पडला.

फळीच्या चढावरून तो झकास सुटला होता. हवेत मात्र त्याचं नाक खाली गेलं आणि पलीकडच्या काठाला पोचायच्या आधीच तो कोरड्या पाटात तोंडावर आदळला.

"वहिनी, उंदीर बिळात गेला!" बांधावरून रितेश ओरडला. शिफ्ट संपवून तो वरशाहून थेट जोह्याला आला होता, अंगात अजून कंपनीचाच शर्ट. त्याची विकत आणलेली चकचकीत रिमोटची गाडी मघाशीच पाट ओलांडून पलीकडे ऐटीत उभी होती. तीन उड्यांत जी गाडी पाट ओलांडेल, ती रविवारी रितेशच्या मित्रांबरोबर कोलाडच्या शर्यतीला जाणार. दहा वर्षांच्या किमयाची आता एकच उडी उरली होती.

"गणपतीला फिरवतो तो उंदीर," मूर्ती रंगवणारी काशीबाई म्हणाली. "तुझा डबा कुणाला फिरवतो रे?"

बांधावर हशा पिकला. रितेशही हसला.

किमयाची आई नूतन तोवर पाटात उतरली होती. उंदराच्या गाडीची वायर न् वायर तिनं स्वतः जोडली होती. सोल्डरिंगच्या जवळपासही ती लेकीला फिरकू देत नसे. वरचं अंग मात्र काशीबाईचं. गणपतीच्या कारखान्यातल्या मूषकाच्या साच्यात कागदाचा लगदा दाबून तिनं ते काढून दिलं होतं, हलकं फूल. अँटेनाची तार मागून बाहेर काढली होती, तीच शेपटी.

"आई, काय झालं? मोडलं?"

"हात लांब ठेव. मोटर तापलीय."

पुढचं डावं चाक लोंबत होतं. चाक वळवणारी सळी वाकली होती. नूतननं पर्समधून सायकलच्या तारेचा तुकडा काढला, पकडीनं दोन्ही टोकं वळवली आणि सळीच्या जागी अडकवली. चाक डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं. किमया एका पायावर नाचायला लागली.

"तिसरी! आई, तिसरी!"

"थांबा गो," काशीबाई पुढे आली. "आंधळाच उडवताय त्याला."

खरंच, उंदराला डोळे नव्हते. कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. सगळं पुरं झालं की काशीबाई डोळे आखणार. "गाडी झाली की सांग," असं ती कधीपासून म्हणत होती, आणि नूतनचा दर वेळी एखादा स्क्रू आवळायचा राहिलेला असायचा.

"आता झाली ना पुरी?"

"हो... म्हणजे, एकदा मागची चाकं बघते."

"नूतन."

"झाली, काकी."

काशीबाईनं कमरेच्या पिशवीतून ब्रश काढला. एक डोळा. दुसरा डोळा. मग काळ्या बुबुळात पांढरा ठिपका, आणि उंदीर एकदम समोर बघायला लागला.

"आयला," रितेश पुटपुटला, "आता हा चावंल."

चाक तपासायला घेतलेला रिमोट अजून नूतनच्याच हातात होता. रिमोटच्या बगलेला वेग आवळायची छोटी चकती होती. पहिल्याच दिवशी तिनं ती अर्ध्यावर आणून वर काळी टेप चिकटवली होती. गाडी सुटली तर? कुणाच्या पायावर गेली तर? आता तिनं दूर पलीकडचा काठ बघितला, लेकीचं तोंड बघितलं, आणि टेपच्या कडेला नख लावलं.

टेप लगेच सुटली. तिला डिंक असा उरलाच नव्हता. खाली चकती शेवटच्या टोकाला होती.

"किमया. हे कधीपासून?"

किमयानं मान खाली घातली. "दिवाळीच्या सुट्टीपासून."

"म्हणजे आज पूर्ण वेगावरच होती?"

"व्हय."

"मग पडते कशी? हवेत रिमोटचा घोडा सोडलास तर नाक खाली जाणारच. दाबून धरायचा असतो, सांगितलंय ना मी?"

"माहितेय मला."

"मग सोडतेस कशाला?"

"तू श्वास रोखतेस ना," किमया म्हणाली, "मला ऐकू येतो. मग बोट आपोआप सुटतं."

टेपची गुंडाळी करून नूतननं ती पर्समध्ये टाकली आणि रिमोट लेकीच्या हातात दिला. मग ती बांधावर चढली, पाटाकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"अगो, इकडं काय बघतेस?" काशीबाई म्हणाली. "गाडी तिकडं हाय."

"असू दे. किमया, सोड!"

मागे भाताच्या धसकटांवरून चाकं तडतडत निघाली. मोटरचा आवाज चढला, आणखी चढला, एवढा चढलेला नूतननं कधी ऐकलाच नव्हता. फळी खाडकन वाजली. मग जमिनीचा आवाज बंद. नुसती मोटर, हवेत, किंचाळणारी. थांबत नव्हती.

समोर सगळ्यांच्या माना वर गेल्या. काशीबाईचा ब्रशही वर गेला. रितेशनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग माना खाली आल्या आणि एकदम दूर, पाटापलीकडच्या वालाच्या शेतांकडे वळत गेल्या, वळतच राहिल्या.

"वळ आता! बघ तरी!" काशीबाई तिचा दंड हलवत होती.

नूतन वळली नाही. दोन्ही हात वर करून, तशीच पाठमोरी, ती घसा फोडून ओरडत होती, "जाऊ दे! जाऊ दे, किमे, जाऊ दे!"